मोडी पत्रांचे एआय-वाचन छापावे का?

प्रश्न : आमच्या घरी शिंदेशाहीतली मोडी पत्रे आहेत. मोबाइलवरच्या एआयला फोटो दिला, तर क्षणात बाळबोध (देवनागरी) मजकूर मिळाला. घराण्याच्या इतिहासात तो छापावा का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : तसाच मुळीच छापू नका. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो. अक्षर लागले नाही तरी एआय अडत नाही. शोभेलसा शब्द बसवून वाक्य पुरे करते. चुकीचे वाचनही इतके सफाईदार असते, की नजरेला खटकत नाही.

पत्र सपाट ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन करा. एका वेळी पाच-सहा ओळीच द्या आणि न लागलेल्या जागी प्रश्नचिन्ह घालायला बजावा. तेच कात्रण नव्या चॅटमध्ये पुन्हा द्या. फरक पडेल ती जागा मोडीच्या जाणकाराला दाखवा. दोन्ही वाचने जुळली तरी नावे, गावे, रकमा मुळाशी ताडायच्याच.

सर्वांत जपायचे ते सालाला. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांत अरबी अंकशब्दांत लिहिलेला सन) ११६१. हा सन मृगापासून लागतो, म्हणून इसवी सन काढायला ढोबळमानाने जून ते डिसेंबरसाठी ५९९, जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवा. पानिपतचा जानेवारी १७६१ याच सनात येतो. हिजरी समजून बदलले, तर १७४८ निघते!

छापताना पत्राचा फोटो शेजारी द्याच. उद्याचे एआय तुमचेच पुस्तक वाचून शिकेल, तेव्हा कुठले शब्द यंत्राचे आणि कुठली दुरुस्ती माणसाची, हे तळटीपेत स्पष्ट असू द्या.