76 सीटांची भिंत

अथर्व,

तुझा मेसेज दोनदा वाचला. धुळ्याहून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, झालंय, उड्डाणाचे 210 तास आहेत, बाबा कर्ज काढायला तयार आहेत. तुझा बेत असा की, अमेरिकेत येऊन नोकरीसाठी लागणारे उरलेले तास भरायचे, दोन वर्षं एखाद्या रीजनल कंपनीत काढायची आणि मग मोठ्या कंपनीत उडी मारायची. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारावं तसं विचारलंयस, "दादा, रीजनल आणि मेनलाइनच्या पायलटांचं आपसात पटत नाही म्हणतात, खरंय का?"

मी 11 वर्षं रीजनलमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी छोटी विमानं उडवणाऱ्या कंपनीत, काढली आणि 2018 पासून मेनलाइनमध्ये, म्हणजे मोठ्या कंपनीत, आहे, म्हणजे दोन्ही घरचं पाणी प्यायलोय. म्हणून आधी याच प्रश्नाचं सांगतो.

मुंबईत बेस्टची लाल बस बघितली असशील. रंग बेस्टचा, तिकीट बेस्टचं, पण चालक कंत्राटदाराचा आणि पगार निम्म्याच्या आसपास. 2023 च्या ऑगस्टमध्ये हेच कंत्राटी चालक संपावर गेले होते. इथलं रीजनल म्हणजे तेच, फक्त हवेत. विमानाच्या शेपटीवर डेल्टा, युनायटेड किंवा अमेरिकन. प्रवाशाच्या तिकिटावरही तेच मोठं नाव. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की विमान चालवणार स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय किंवा आणखी कोणी. मोठी कंपनी त्यांना फेरीमागे ठरलेली रक्कम देते, इंधनाचा खर्चही सहसा तीच उचलते. मग रीजनलच्या मालकाच्या हातात कापण्यासारखं उरतं काय? माणसांचा पगार.

मेनलाइनच्या पायलटांना हे पहिल्यापासून कळत होतं. आपलं काम स्वस्तातल्या माणसाकडे जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्या करारात एक कलम घालून घेतलं. सगळे त्याला 'स्कोप' म्हणतात. रीजनलने किती मोठं विमान उडवायचं आणि तशी किती विमानं ठेवायची, याची ती मर्यादा. आज तिन्ही मोठ्या कंपन्यांत ती 76 सीट आणि 86,000 पौंड वजनाला थांबते. विमानं बनवणाऱ्या एम्ब्रेयरने आपल्या 175 या विमानाचं नवं, कमी इंधन पिणारं मॉडेल काढलं, पण ते या वजनात बसेना, म्हणून इथल्या एकाही रीजनलने घेतलं नाही. युनायटेडने तर 70 सीटांच्या विमानातल्या 20 सीट काढून 50 सीटांचं सीआरजे-550 बनवून घेतलं, कारण 50 सीटांपर्यंत मोजणी वेगळी होते. करारातल्या एका आकड्यापायी विमानातल्या खुर्च्या उपटल्या जातात, यावरून या भिंतीची जाडी समजून घे.

आता याच कलमाकडे रीजनलच्या बाजूने बघ. तुझ्या डोक्यावरचं छत कोण ठरवतंय, तर दुसऱ्या कंपनीचे पायलट, आणि तेही त्यांच्या करारात, ज्यावर तुला मत नाही. त्यात गंमत अशी की बऱ्याचदा दोघांची युनियन एकच. अल्पा ही 1931 पासूनची संघटना डेल्टा-युनायटेडच्या पायलटांचीही आहे आणि बऱ्याच रीजनलवाल्यांचीही. 2001 मध्ये कोमएअर आणि अटलांटिक साउथईस्ट या रीजनलच्या काही पायलटांनी आपल्याच युनियनवर दावा लावला होता, की तुम्ही थोरल्याचं बघता आणि धाकट्याचा गळा दाबता. त्याच वर्षी 26 मार्चला कोमएअरचे सुमारे 1,350 पायलट संपावर गेले. सिनसिनाटीची ही कंपनी पूर्णपणे डेल्टाच्या मालकीची. 89 दिवस एक विमान हललं नाही. चांगला करार पदरात पडला. पुढे त्यांच्याकडचं काम हळूहळू आटत गेलं आणि 2012 च्या सप्टेंबरात कंपनी बंद झाली. फक्त संपामुळे बंद झाली असं मी म्हणणार नाही. पण रीजनलच्या क्रू रूममध्ये कोमएअरचं नाव निघालं की आजही माणसं आवाज खाली आणतात.

मालक या भिंतीचा उपयोग कसा करतात ते मी अंगावर काढलंय. माझ्या त्या वेळच्या कंपनीने आमच्यापुढे मतदानाला कागद ठेवला: पगारवाढ गोठवा, मोठी जेट तुम्हाला मिळतील. नाही म्हणालात तर तीच विमानं दुसऱ्या रीजनलला. मुलगी तेव्हा 8 महिन्यांची होती. मी होय म्हणालो. नंतर एका हॉटेलच्या व्हॅनमध्ये त्या दुसऱ्या कंपनीचा एक जण शेजारी बसला. त्यांनाही त्याच महिन्यात जवळजवळ तोच कागद दाखवला होता, फक्त आमचं नाव घालून. दोघंही हसलो, दुसरं काय करणार. इथे याला 'व्हिपसॉ' म्हणतात, दोन्हीकडून चालणारी करवत.

माझ्या सुरुवातीचंही सांगतो, कारण तुझ्या डोळ्यांपुढे तासाला 90 डॉलरचा आकडा नाचतोय. मला 2007 मध्ये 600 तासांवर घेतलं. वर्षाचा पगार 20 हजार डॉलरच्या आत. बेस, म्हणजे ड्युटी सुरू होते तो विमानतळ, घरापासून दोन राज्यं लांब, म्हणून विमानतळाजवळ क्रॅशपॅड घेतला होता: दोन खोल्या, 10 बंक, फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. ड्युटीवर यायला मेनलाइनच्या कॉकपिटमधली जम्पसीट, म्हणजे जादाची सीट, मागायची. बहुतेक कॅप्टन हसून 'ये' म्हणायचे. एकाने मात्र माझ्या आयकार्डावरचं कंपनीचं नाव वाचून शांतपणे म्हटलं होतं, "म्हणजे माझ्या मित्राची सीट तुझ्याकडे आहे तर." 2001 नंतर मेनलाइनमध्ये हजारोंना घरी बसवलं आणि रीजनल जेट मात्र वाढत गेली, त्या काळाचं ते बोलणं होतं. राग आला होता. आज मी त्याला फार दोष देत नाही. त्यात 2007 च्या डिसेंबरात निवृत्तीचं वय 60 वरून 65 झालं. वरचे कोणी हलेनात आणि माझ्यासारखे खाली 5 वर्षं तिथेच तुंबले.

मग 12 फेब्रुवारी 2009 ची रात्र. कोलगन एअर या रीजनलचं न्यूआर्क-बफेलो विमान उतरताना कोसळलं. विमानातले 49 आणि जमिनीवरचा एक, 50 जण गेले. विमानाच्या अंगावर नाव कॉन्टिनेन्टल या तेव्हाच्या मोठ्या कंपनीचं होतं. कॉन्टिनेन्टलच्या स्कोपमध्ये रीजनलला 50 सीटांच्या वर जेट चालत नव्हतं, पण पंख्याच्या विमानाला ती अट नव्हती, म्हणून तिथे 74 सीटांचं क्यू-400 आलं होतं. अपघाताचं कारण हे नव्हे. कारण होतं वेग कमी होताना वैमानिकाकडून झालेली उलटी कृती. पण सुनावणीत सहवैमानिक मुलीचा पगार वर्षाला 16 हजार डॉलरच्या आसपास असल्याचं पुढे आलं, आणि ती आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानाने झोप मोडत ड्युटीवर आली होती, हेही. त्या रात्रीनंतर आमच्या क्रॅशपॅडवर बराच वेळ कोणी दिवा लावला नाही. सगळ्यांनाच तो प्रवास पाठ होता.

तिथून नोकरीआधी उड्डाणाचे 1,500 तास हवेत हा नियम आला, 2013 च्या ऑगस्टपासून लागू. आणि भांडणाला नवं तोंड फुटलं. रीजनलचे मालक म्हणतात, पायलट मिळत नाहीत, तास कमी करा. रिपब्लिकने 2022 मध्ये आपल्या प्रशिक्षणातून आलेल्यांसाठी 750 तासांची सूट मागितली. एफएए या इथल्या विमान नियामक संस्थेने त्याच वर्षी नाकारली. युनियन म्हणते, पायलट आहेत, तुमचा पगार नाही. माझं मत युनियनच्या बाजूने आहे, कारण त्याच 2022 च्या जूनमध्ये अमेरिकनच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीडमॉन्ट आणि पीएसएने नव्या फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिकाचा, तासाचा दर 90 डॉलरवर नेला. इतकी वर्षं नसलेले पैसे एका रात्रीत सापडले! पुढच्या वर्षी डेल्टाच्या पायलटांनी 4 वर्षांत 34 टक्के वाढ घेतली आणि अंतर पुन्हा पडलं.

तासाचा दर म्हणजे ब्रेक सुटल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा तास, हेही लक्षात ठेव. पंखांवरचा बर्फ काढायच्या रांगेचे पैसे मिळतात, कारण तेव्हा विमान गेटवरून निघालेलं असतं. पण गेटवरच तांत्रिक बिघाडात गेलेले 3 तास बहुतेक वेळा हिशेबात येत नाहीत.

आणि 'दोन वर्षांत उडी' म्हणतोस ना, तिथे घोडं पेंड खातं. इथे सगळं सिनिऑरिटी नंबरवर चालतं: बेस, सुट्टी, दिवाळीला घरी की ओमाहात, कॅप्टनपद, सगळं. कंपनी बदलली की नंबर शून्यावर. मी रीजनलचा कॅप्टन होतो आणि मेनलाइनला गेलो तेव्हा यादीत सगळ्यात खाली, माझ्याहून 12 वर्षांनी लहान मुलीच्या खाली. 'फ्लो' नावाची सोय काही रीजनलमध्ये आहे, म्हणजे रांगेने मोठ्या कंपनीत आपोआप जाणं. पण रांग किती वेगाने हलवायची ते मोठी कंपनी ठरवते. 2020 मध्ये ट्रान्स स्टेट्स, कंपास आणि एक्सप्रेसजेट बंदच झाल्या. त्यांच्या यादीतले नंबर कुठेच चालले नाहीत.

आता खरी अडचण. तुझ्या मेसेजमध्ये व्हिसा हा शब्द एकदाही नाही. माझं ग्रीन कार्ड बायकोच्या नर्सिंगच्या नोकरीतून आलं, विमानातून नाही. रीजनलच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत अट असते: कायमस्वरूपी काम करण्याचा हक्क हवा, कंपनी व्हिसा देणार नाही. एच-1बी या नोकरीच्या व्हिसात पायलटची नोकरी सहसा बसत नाही. मधे काही रीजनलनी ऑस्ट्रेलियन पायलट घेतले, पण त्यांच्यासाठी वेगळा ई-3 व्हिसा आहे. ईबी-2 या ग्रीन कार्डाच्या वर्गातला 'राष्ट्रहिता'चा मार्ग एजंट विकतात. भारतीयांची तिथली रांग 10 वर्षांच्या पुढे आहे. शिवाय परदेशी पायलट आणायला अल्पाचा उघड विरोध आहे, आणि तिच्या सभासदांत मीही आहे. तू आलास तर मला आनंदच होईल. पण तुझ्या पगाराने माझ्या जुन्या सोबत्यांचा दर खाली येणार असेल तर मी सभेत हात कुठे वर करेन हे तुला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

भारतात 200 तासांवर टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमानाचं प्रशिक्षण, करून माणूस थेट एअरबसच्या उजव्या सीटवर बसतो. इथे असं होत नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे इथले कागद नाहीत त्यांना मी भारतातच रांगेत उभं राहायला सांगतो, कितीही लांब असली तरी.

तरीही यायचंच असेल तर पदवीसाठी एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर ये. ओपीटीत, म्हणजे त्या व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीत, वर्षभर इन्स्ट्रक्टर म्हणून काम करता येतं आणि मान्यताप्राप्त पदवीवर 1,500 ऐवजी 1,000 तास चालतात. अकॅडमीवाल्याने एम-1 या प्रशिक्षणाच्या व्हिसासाठीचा आय-20 हा प्रवेशाचा कागद हातात दिला आणि 'नंतर नोकरी लावून देतो' म्हणाला, तर पैसे भरू नकोस. तो कागद आधी मला पाठव. आणि बाबांचा नंबरही दे. कर्जाचं मी त्यांच्याशी बोलतो.