पायथॉनमधली स्वतःची एरर: मूळ ट्रेसबॅक हरवू देऊ नका

एरर क्लास 'एक्सेप्शन'पासूनच काढा, 'बेसएक्सेप्शन'पासून नको. नाहीतर नेहमीचं 'एक्सेप्ट एक्सेप्शन' ती पकडणारच नाही. अख्ख्या प्रोजेक्टसाठी एक मूळ क्लास आणि त्याखाली दोन-तीन पुरतात. कॉल करणारा वेगळं काही करणार नसेल तर वेगळा क्लास कशाला?

आता खरा घोळ. दुसरी एरर पकडून स्वतःची फेकताना 'रेज'च्या ओळीत शेवटी 'फ्रॉम ई' लिहा ('ई' म्हणजे पकडलेल्या एररला दिलेलं नाव). मूळ एरर 'कॉज' म्हणून जोडली जाते आणि ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे एरर कोणत्या कॉलमधून आली ते दाखवणाऱ्या यादीत, दोन्ही दिसतात. 'फ्रॉम' नसलं तरी दोन्ही छापल्या जातात, पण पहिली हाताळताना दुसरी चुकून फुटली असा अर्थ निघतो. 'फ्रॉम नन' मूळ कारण लपवतं, म्हणून जपून वापरा. तीच एरर पुढे ढकलायची असेल तर नुसतं 'रेज' पुरे.

तुमच्या एरर क्लासच्या 'इनिट'मध्ये मेसेज आणि कोड घेऊन 'सुपर'ला (वरच्या क्लासला) फक्त मेसेज दिलात, तर एरर दुसऱ्या प्रोसेसमधून येताना पिकल (ऑब्जेक्ट बाइट्समध्ये बदलून पुन्हा उभं करणारं पायथॉनचं मॉड्यूल) तिला अपुऱ्या आर्ग्युमेंटनी पुन्हा बांधतं आणि भलताच 'टाइपएरर' येतो. दोन्ही द्या.

ट्रेसबॅक खालून वर वाचा. लॉगमध्ये 'लॉगर डॉट एक्सेप्शन' वापरा. 'लॉगर डॉट एरर' आपणहून ट्रेसबॅक लिहीत नाही.