जुलैतही गाठता येईल असा क्लास बघा

यंदा मे महिन्यात सगळ्यांच्याच घरात पोरांना कुठेतरी घालायचं वारं होतं बहुतेक, कारण पत्रं नुसती कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग यावरच. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. पाच घेतलीयत, त्यातलं पहिलं जरा लांबलंय कारण त्यात सगळ्यांचेच प्रश्न आलेत.

ताई, मुलगा नऊ वर्षांचा आहे. जवळपास तीन क्लास आहेत. एक कराटेचा, शाळेच्या हॉलमध्ये, महिना 500. दुसरा तायक्वांदोचा, महिना 700. तिसऱ्यात कराटे, किकबॉक्सिंग, सेल्फ डिफेन्स, योगा सगळंच शिकवतात, वर्षाचे 9000 आधी भरायचे, आणि दीड वर्षात ब्लॅक बेल्टची गॅरंटी देतात. मुलाला तिसराच हवाय कारण तिथला ड्रेस काळा आहे. काय करू? (एक आई, चिपळूण)

काळ्या ड्रेसचं हसण्यावारी नेऊ नका हं, नवव्या वर्षी तेवढ्या एका कारणावर पोरं वर्षभर न चुकता जातात. पण ती गॅरंटी वाचून मात्र मी पत्र खाली ठेवलं आणि चहा केला.

पट्ट्याचं कसंय, ज्यूदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंनी 1880च्या दशकात शिकणाऱ्याचा दर्जा कळावा म्हणून ही सोय काढली. पुढे गिचिन फुनाकोशी 1922 साली ओकिनावा बेटाचं कराटे घेऊन टोकियोला गेले, तेव्हा त्यांनी ड्रेस आणि पट्टे ज्यूदोवरूनच उचलले. म्हणजे ती एक खूण आहे, किती शिकून झालंय त्याची. नेमाने आठवड्याला दोन-तीनदा गेलं तर शोतोकान, म्हणजे या फुनाकोशींच्या पद्धतीच्या कराटेत काळ्या पट्ट्यापर्यंत चारेक-पाच वर्षं जातात, तायक्वांदोत तीनेक वर्षं, ब्राझिलियन जिउजित्सूत (जमिनीवरच्या पकडींचा, कुस्तीसारखा खेळ) तर दहा वर्षं गेली तरी कुणाला नवल वाटत नाही. तायक्वांदोत 15 वर्षांखालच्या पोरांना ‘दान’ हा मोठ्यांच्या काळ्या पट्ट्याचा दर्जा नाही, ‘पूम’ हा लहानांचा देतात, त्याचं सर्टिफिकेट सोलच्या कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या मुख्य संस्थेकडून येतं आणि त्याचा नंबर ऑनलाइन तपासता येतो. तेव्हा दीड वर्षाची गॅरंटी देणारा पट्टा विकतोय, शिकवत नाहीये. त्याला एकच विचारा, गॅरंटी आहे तर मग परीक्षा कशाला घेता?

आता कराटे की तायक्वांदो. खरं सांगू का, नऊ वर्षांच्या पोराला काही फरक पडत नाही. तायक्वांदोत पायाचं काम जास्त, स्पर्धेत लाथेला बुक्कीपेक्षा जास्त गुण आणि तोंडावर बुक्की चालतच नाही, कराटेत हात-पाय दोन्ही आणि ते काता नावाचे ठरलेले हालचालींचे क्रम घोटून घ्यावे लागतात, चंचल पोरांना पहिले सहा महिने त्याचा जाम कंटाळा येतो. ऑलिंपिकचं स्वप्न कुणी दाखवत असेल तर एवढं माहीत असू दे की तायक्वांदो 2000च्या सिडनीपासून पदकाचा खेळ आहे, कराटे एकदाच आलं, टोकियोला, आणि पॅरिसला गळलं. आणि दहावीच्या ग्रेस गुणांसाठी विचारत असाल तर कुठला खेळ, कुठल्या पातळीची स्पर्धा धरतात ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, क्लासच्या पत्रकावर ‘नॅशनल’ छापलं म्हणून ती शालेय स्पर्धा होत नाही.

माझं ऐका आणि स्टाइल सोडून मास्तर बघा. तिन्ही ठिकाणी न सांगता संध्याकाळी जा आणि पूर्ण तासभर पायरीवर बसा, मोबाइल पर्समध्ये. वर्ग बघायला बसू देत नसतील तर तिथूनच घरी या. बसू दिलं तर पुढच्या रांगेतल्या चमकणाऱ्या पोरांकडे बघू नका, त्यांना कुणीही शिकवलं असतं. शेवटच्या रांगेत बघा. नवीन आलेलं, डावा-उजवा चुकणारं एखादं पोर असतंच, त्याच्याजवळ तासाभरात किती वेळा कुणी गेलं ते मोजा. एखादं रडलं तर सर काय करतात, हसतात, ओरडतात की बाजूला घेऊन पाणी देतात? नवीन पोरांना चौदा वर्षांचा ब्राउन बेल्टवाला दादा शिकवत असतो ते चालतं, पण तेव्हा सर कुठे असतात, टपरीवर की हॉलमध्ये? हळूच आधीच्या बॅचच्या एखाद्या आईला विचारा, बेल्टची परीक्षा वर्षातून किती वेळा आणि तिची फी किती, ड्रेस त्यांच्याकडूनच घ्यायचा का, स्पर्धेला जाणं सक्तीचं का, कारण 500 रुपयांचा क्लास अशा रीतीने 700च्या क्लासपेक्षा महाग पडलेला मी पाहिलाय. आणि ‘बाकीच्या स्टाइल म्हणजे नुसता नाच’ असं म्हणणारे सर भेटले तर समजा, ते स्वतः कुणासमोर फारसे उभे राहिलेले नाहीत.

शेवटचं, आणि आपल्याकडे हेच मोठं. क्लास मेमध्ये ठरवू नका, जुलै डोळ्यांसमोर आणून ठरवा. आपलं चिपळूण, 2021च्या जुलैत वाशिष्ठीने काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. हॉल बाजारपेठेत सखल जागी असेल तर पावसात किती दिवस बंद असतो, मॅट कुठे ठेवतात, पोराला छत्रीत चालत जाता येईल का की रोज रिक्षा, हे विचारा. शाळेच्या हॉलमधला साधा कराटेचा क्लास दहा मिनिटांवर असेल आणि सर माणूस म्हणून बरे असतील तर माझं मत तिकडे, आणि काळा ड्रेस वाढदिवसाला घरी घालायला घेऊन द्या.

मी 36 वर्षांचा, बँकेत आहे. उजवा गुडघा कुरकुरतो. व्हिडिओ बघून जिउजित्सूचं वेड लागलंय, पण जवळचा क्लास 40 किलोमीटरवर. तोपर्यंत भाच्याबरोबर घरच्या खळ्यात सुरुवात करू का? (कुडाळ)

नको. अहो, सारवलेलं असलं तरी खळं ते खळंच.

हे का सांगते ते ऐका. कॉलेजात असताना एका ठिकाणी ज्यूदो शिकायला गेले, दुसऱ्याच दिवशी सरांनी खांद्यावरून फेकायचा डाव घेतला, खाली सिमेंटची लादी आणि तिच्यावर सतरंजी. पडताना मी जे कुणीही करतं तेच केलं, हात पुढे टेकवला. कॉलर बोन मोडलं, त्या वर्षीचे गणपती हात गळ्यात बांधून झाले. पुढे दुसऱ्या गावी दुसऱ्या सरांकडे गेले, त्यांनी पहिला महिनाभर मला काहीच शिकवलं नाही, नुसतं पाडलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि अंग मॅटला लागायच्या क्षणाला पूर्ण हात कोपरासकट अंगापासून थोडा लांब, सपाट आपटायचा, थाप्प. त्या आवाजावरून सरांना न बघता कळायचं कोण चुकलं. मालवणकडचे होते, सारखे म्हणायचे, ‘आधी पडूक शिक, मगे पाडूक’. हे व्हिडिओ बघून येत नाही, कारण आपण कुठे चुकलो ते व्हिडिओला दिसत नाही.

वय 36 काही जास्त नाही. जिउजित्सूत बरंचसं काम जमिनीवर, फेकाफेकी ज्यूदोपेक्षा कमी, आणि दुखायला लागलं की जोडीदाराच्या अंगावर दोनदा थोपटायचं, तो लगेच सोडतो. ते थोपटायला लाजू नका, बँकेतली मोठी माणसं तिथेच अडतात. गुडघा आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि पहिल्याच दिवशी क्लासमध्ये सांगून टाका. 40 किलोमीटर रोज झेपणार नाही, पण शनिवार-रविवार जाऊन मधल्या दिवशी जवळच्या जिममध्ये किंवा बॉक्सिंगवाल्यांकडे दोरीवरच्या उड्या सोडून बाकीचा व्यायाम, असं दोन महिने करून बघा. तोपर्यंत वेड टिकलं तर टिकलं.

आणि एक घाण गोष्ट सांगायलाच हवी. नायटा. अंगाला अंग लागणाऱ्या सगळ्या खेळात तो पसरतो, कुस्तीच्या तालमीतही, आणि आपल्या पावसाळी दमट हवेत तर त्याची चंगळ. क्लासला जाल तेव्हा मॅट पुसतात का, कशाने पुसतात, ते विचारा आणि वास घ्या, हो, वाकून वास घ्या. घरी आल्याआल्या आंघोळ, ड्रेस धुवायला, टॉवेल आपला आपला. गोल लाल चट्टा उठला तर मेडिकलमधून कुठलीतरी ट्यूब आणून चोळू नका, अशा कितीतरी ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं, आठवडाभर बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. डॉक्टरांकडे जा, आणि नायटा बरा होईपर्यंत मॅटवर जाऊ नका, दुसऱ्याच्या पोराबाळांना कशाला.

कॉलेजमध्ये एक दिवसाचं सेल्फ डिफेन्स शिबिर झालं. तेवढं पुरेसं आहे का? (विद्यार्थिनी, वय 19, रत्नागिरी)

नाही गं. शिबिरात मनगट सोडवायचं शिकवतात ना, मैत्रीण हसत हसत हात धरते आणि तू हसत हसत सोडवतेस. पुढच्या आठवड्यात भावाला सांग, खरोखर जोर लावून धर, मग कळेल. शिबिराचा फायदा एवढाच की ओरडायची लाज जाते आणि 112 नंबर डोक्यात बसतो, ते कमी नाही. पण अंगात काही यायला हवं असेल तर जिथे समोरची व्यक्ती खरोखर विरोध करते असा क्लास बघ, बॉक्सिंग, ज्यूदो, किकबॉक्सिंग, काहीही, आणि किमान सहा महिने. बघायला जाशील तेव्हा तिथे मुली किती, कपडे बदलायला दार लागणारी खोली आहे का, आणि सर हात लावून पोझिशन दुरुस्त करताना आधी विचारतात का, हे बघ. तिथे काही खटकलं तर मन मोठं करून परत जाऊ नकोस.

सगळे जपान-कोरियाचं शिकतात. आपले मर्दानी खेळ, लाठी, दांडपट्टा का नकोत? (निवृत्त शिक्षक, देवगड)

गुरुजी, नकोत कोण म्हणालं? दांडपट्टा तर 2024च्या शिवजयंतीला राज्यशस्त्र म्हणून जाहीरही झाला. अडचण शिकवणाऱ्यांची आहे, मर्दानी खेळांचे आखाडे घाटावर, कोल्हापूरकडे जास्त. तुमच्या भागात लाठी नेमाने शिकवणारं कुणी असेल तर नातवंडांना जरूर घाला, पदन्यास, मनगट, नजर, सगळं तयार होतं. फक्त त्याला मारामारीचं शिक्षण समजू नका, हात रिकामा असताना काय करायचं ते कुस्ती शिकवते. आणि शाळेत मल्लखांब असेल तर तोच आधी धरा. पेशवाईतल्या बाळंभट दादा देवधरांची ती देणगी, पैलवानाचं अंग तयार करायलाच होता मुळात, आणि त्यावर दोन वर्षं काढलेलं पोर पुढे कुठल्याही क्लासला गेलं तरी सर लगेच विचारतात, आधी काय करत होतास रे?

ज्यूदोचा जाड ड्रेस पावसाळ्यात वाळत नाही, कुबट वास येतो. काय करावं? (गुहागर)

दोन ड्रेस लागतातच, दुसरा पातळ कापडाचा घ्या, पावसासाठी. घामेजलेला ड्रेस पिशवीत रात्रभर ठेवू नका, धुताना शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाका आणि पंख्याखाली बाह्या पसरून टांगा. आमच्याकडे चुलीच्या वर दोरी होती, तिच्यावर वाळायचा अगदी कडक, पण धुराचा असा वास लागायचा की माझी जोडीदारीण डोळे मिटून सांगायची, आली बघ, आज हिच्याकडे बांगडे भाजलेत.