एकाच घरात वाढलेल्या दोघा भावांपैकी एकालाच दारूचं व्यसन का लागतं? तो मनाचा कच्चा असतो का?

तुम्ही लिहिलंय की दोघंही एकाच आईबापाच्या हाताखाली वाढलात, तुम्ही कधीमधी पिता नि सोडून देता, धाकटा मात्र पार वाहवत गेला. उत्तर लिहायला बसलो कारण आमच्या घरातला तो धाकटा म्हणजे मी. सहा वर्षं झाली सोडून. डॉक्टर वगैरे नाही, पण दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपच्या मीटिंगांमध्ये बसून खूप जणांचं ऐकलंय आणि आपलंच असं का झालं या खाजेपोटी वाचलंयही बरंच.

पहिली गोष्ट, घर 'एकच' नसतं हो. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. तो लहान असताना बाबा प्यायचे पण धड होते, आणि ते बिघडेपर्यंत दादा हॉस्टेलला गेलेला. मला आठवतं ते म्हणजे रात्री दाराची कडी वाजायची आणि ती कशी वाजली यावरून मी ओळखायचो की आज नुसता आरडाओरडा होणार की आईला मार बसणार. सातआठ वर्षांचं पोर अंथरुणात पडून कडीचा आवाज मोजतंय, दादाने हे ऐकलेलंच नाही, मग एकच घर कसं म्हणायचं.

यावर अमेरिकेत मोठा अभ्यास झालाय, फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांचा, १९९८ साली छापून आला. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारा मार, घरात व्यसनी किंवा मानसिक आजारी माणूस अशा अनुभवांची त्यांनी यादी केली. ज्यांच्या वाट्याला यातले चार किंवा जास्त प्रकार आले होते त्यांच्यात दारू, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असलं काहीच न भोगलेल्यांच्या ४ ते १२ पट निघाला. आता याचा अर्थ असं बालपण गेलं की माणूस व्यसनी होतोच असा नाही, आमच्या ग्रुपमध्ये चांगल्या सुखी घरातले लोकही आहेत, आणि माझ्यापेक्षा वाईट भोगलेले किती तरी जण आयुष्यात थेंबाला शिवत नाहीत. धोका वाढतो, एवढंच.

आनुवंशिकता आहेच, साधारण निम्मा वाटा तिचा धरतात, पण सख्ख्या भावांच्या वाट्यालाही सगळे जीन्स सारखे येत नाहीत.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा चौदा वर्षांचा होतो, मित्राच्या गच्चीवर, घशाला आग लागली, चव घाणेरडी, आणि पाचदहा मिनिटांनी खांदे सैल पडले. म्हणजे तोवर ते कायम आवळलेले असायचे हे मला त्या दिवशी कळलं! डोक्यात सतत चालू असलेली ती कडी बंद झाली. दादाला विचारलं तर तो म्हणतो, मला दोन पेगनंतर झोप यायची, त्यात काय एवढं. त्याच्यासाठी ती नुसती दारू होती, माझ्यासाठी ते औषध निघालं. खांत्झियन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८५ मध्ये हेच मांडलं होतं की बरेच लोक मजेसाठी नाही तर आतलं काहीतरी सहन होत नाही म्हणून नशेकडे वळतात. गंमत अशी की घबराटीवर दारू रात्री चालते आणि सकाळी तीच घबराट व्याजासकट परत येते, मग परत औषध. अर्थात सगळे असेच नसतात. कोणी थ्रिलसाठी शिरतो, कोणाला मनात आलं की थांबताच येत नाही, कोणी सगळंच संपलंय असं वाटून पितो.

आणखी एक, जे ऐकून मी चाट पडलो होतो. कॉलेजात माझी ख्याती होती, 'याला चढतच नाही', मी पण कॉलर ताठ करून फिरायचो. मार्क शुकिट या संशोधकाने वर्षानुवर्षं पोरांचा पाठपुरावा करून दाखवलं की ज्यांना सुरुवातीला कमी चढते त्यांनाच पुढे व्यसनाचा धोका जास्त. बरोबरच आहे की, बस झालं हे सांगणारी घंटाच वाजत नसेल तर माणूस थांबणार कधी.

वयाचंही तसंच. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पंधराच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे कधी ना कधी व्यसनात अडकले, विशीनंतर सुरू केलेल्यांमध्ये हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास. पण इथे जरा जपून, जी पोरं इतक्या लवकर बाटलीपर्यंत पोचतात त्यांच्या घरात आधीच काहीतरी पेटलेलं असू शकतं, सगळा दोष वयाचा नाही.

आजूबाजूच्या परिस्थितीबद्दल एकच सांगतो. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास २० टक्के तिथे हेरॉइनच्या आहारी गेले होते. सगळे धास्तावले की हे परत आले की काय होणार. १९७१ मध्ये परतलेल्यांचा ली रॉबिन्स यांनी मागोवा घेतला तर त्या व्यसनींपैकी पहिल्या वर्षात जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात सापडले. स्वस्त माल, भीती, कंटाळा, आणि सगळेच घेतायत हे वातावरण मागे राहिलं होतं. माझं उलट झालं, न पिणारे मित्र एकेक करून गळत गेले, किंवा खरं तर मीच त्यांना टाळायला लागलो, आणि शेवटी फोनमध्ये राहिले ते सगळे पिणारेच.

आता 'मनाचा कच्चा'. १०३ ताप अंगात असताना मी पावसात अर्धा तास चालत जाऊन बाटली आणलीय. इच्छाशक्ती भरपूर होती, ती कामाला कुठे लागली होती तो प्रश्न.

भावाला 'का पितोस' विचारून काही हाती लागणार नाही, त्याला स्वतःलाच माहीत नसतं. त्यापेक्षा पहिल्यांदा प्यायलास तेव्हा कसं वाटलं होतं, ते विचारून बघा, आणि मधे न बोलता ऐका. दादाने मला हे विचारलं म्हणून माझी दारू सुटली असं अजिबात नाही, त्यानंतरही मी आठ महिने पीत होतो, पण डॉक्टरकडे जायला मी तयार झालो ते त्याच्याच सोबत.

आणि हो, तो रोज भरपूर पीत असेल तर चिडून त्याला खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना भेटा, अचानक सोडल्याने फिट येऊ शकते, जिवावरही बेततं. मी डॉक्टरकडे जायला तयार होण्याआधी एकदा दादाने मला असंच कोंडलं होतं, दुसऱ्या दिवशी मला फिट आली आणि दार उघडून आत आला तेव्हा मी जमिनीवर पडलेलो होतो. तो अजून त्या खोलीला कडी लावत नाही.