धारणा, सिद्धांत की खात्री?

एका इव्हँजेलिकल (म्हणजे बायबल आणि वैयक्तिक विश्वास यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट परंपरेतल्या) ख्रिस्ती सेमिनरीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयाच्या, माहितीपुस्तिकेचं मराठी करताना एका ताईंचं घोडं पहिल्याच प्रकरणाच्या शीर्षकापाशी अडलं. मूळ शीर्षक 'डॉक्ट्रिनल कन्व्हिक्शन्स', म्हणजे ही संस्था काय मानते आणि काय शिकवते ते सांगणारं प्रकरण. त्यांनी लिहिलं 'सैद्धांतिक धारणा'. मजकूर तपासणाऱ्यानं ते खोडून 'धर्ममते' केलं, आणि आणखी कुणी 'श्रद्धेची तत्त्वे' सुचवलं. ताई विचारतात, यातलं बरोबर कोणतं? आणि ख्रिस्ती मजकुरात 'श्रद्धा' सोडून जिकडेतिकडे 'विश्वास'च का दिसतो?

माझं मत विचाराल तर तिन्ही नकोत. का, ते सांगतो.

'धारणा' हा शब्द संस्कृतात भारदस्त आहे, पण आजच्या मराठीत त्याची रया गेली आहे. 'माझी अशी धारणा होती' म्हटलं की पुढचं वाक्य 'पण ती चुकीची निघाली' असंच येणार, हे ऐकणारा धरून चालतो. जी संस्था आपल्या प्राध्यापकांकडून या मजकुरावर सही घेते, तिच्या तोंडी 'आमची धारणा आहे की देव आहे' हे वाक्य काही शोभत नाही.

'मत' त्याहून पातळ. शांकर मत, माध्व मत म्हणताना त्याला वजन होतं; आता मत म्हणजे एक तर मतपेटीत टाकायची वस्तू, नाही तर 'तुमचं तुमच्याकडे, माझं माझ्याकडे' असं काहीतरी.

'सिद्धांत' मात्र सहज बाजूला सारता येत नाही. डॉक्ट्रिनसाठी तो शब्द अनेक जण वापरतात आणि वर्गात तो चालतोही. माझी अडचण त्याच्या जागेची आहे. आपल्याकडे आधी पूर्वपक्ष मांडायचा, त्याचं खंडन करायचं आणि वादाच्या शेवटी जे सिद्ध होऊन उरेल तो सिद्धांत. शब्दातच 'अंत' आहे. सेमिनरीतलं हे प्रकरण नेमकं उलट्या टोकाला असतं. ते पुस्तिकेच्या सुरुवातीला छापलेलं असतं आणि प्रवेश घेण्याआधी वाचायचं असतं. अभ्यास त्याच्यापुढे सुरू होतो. शिवाय पायथागोरसचाही सिद्धांत आणि डार्विनचाही सिद्धांतच, त्यामुळे हे गणितासारखं सिद्ध झालेलं की विज्ञानासारखं तपासत राहायचं, असा नसता प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो.

डॉक्ट्रिनचं मूळ याहून साधं आहे. लॅटिनमध्ये 'दोकेरे' म्हणजे शिकवणे, आणि 'दोक्त्रिना' म्हणजे जे शिकवलं जातं ते. आपला डॉक्टरही याच घरातला. तो आधी शिकवणारा होता, औषध देणारा मागाहून झाला. हा शब्द आपल्या शेजारी येऊनही चारशे वर्षं झाली. थॉमस स्टीफन्स यांची कोंकणीतली प्रश्नोत्तरी १६२२ साली रायतूर इथे छापली गेली, तिच्या नावात पोर्तुगीज 'दौत्रिना' आहे, आणि गोव्याच्या कोंकणीत ख्रिस्ती धर्मशिक्षणाला आजही 'दोतोर्न' म्हणतात. मराठीत तो रुजला नाही, कारण त्याची गरज नव्हती. 'शिकवण' होतीच. प्रचलित मराठी बायबलात याच अर्थाने 'शिक्षण', 'सुशिक्षण', 'सद्बोध' असे शब्द येतात. यातलं 'सुशिक्षण' मला फार आवडतं, पण आज ते वाचून कुणालाही पदवी आठवेल. म्हणून डॉक्ट्रिनला 'शिकवण'.

आता कन्व्हिक्शन, आणि खरा पेच इथेच आहे. या शब्दाचं मूळ 'विन्केरे', म्हणजे जिंकणे. पुराव्यानं किंवा युक्तिवादानं ज्याला पुरतं जिंकलं तो 'कन्व्हिन्स' झाला. मग तो कोर्टात उभा असेल तर ती दोषसिद्धी, आणि मनात असेल तर ठाम विश्वास. इंग्रजीत एकाच शब्दाला ही दोन तोंडं आहेत. ईश्वरविद्येत ती दोन्ही लागतात, कारण पवित्र आत्मा माणसाला त्याच्या पापाची जाणीव करून देतो, त्यालाही कन्व्हिक्शनच म्हणतात.

मराठी बायबलाच्या अनुवादकांनी हा पेच कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाची पहिली ओळ विश्वासाची व्याख्या करते: 'आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी'. इथे मूळ ग्रीक शब्द 'एलेंखोस' आहे. पुरावा, उलटतपासणी, पटवून देणं अशा छटांचा. आणि योहानाच्या सोळाव्या अध्यायात, आत्मा येऊन पापाविषयी 'जगाची खातरी करील' असं वाक्य आहे. तिथलं ग्रीक क्रियापद याच कुळातलं. म्हणजे विश्वासातली निश्चिती आणि पापाची बोचणी, दोन्हीला मराठीनं एकच शब्द दिला: खातरी. मूळ ग्रीकमधलं नातं मराठीत शाबूत राहिलं. अशी जुळणी अनुवादात फार थोड्या वेळा होते.

शब्द तर चक्क अरबी! 'खातिर' म्हणजे मन, चित्त. 'खातरजमा' म्हणजे विखुरलेलं मन गोळा होणं. पाहुण्याची 'खातिरदारी' म्हणजे त्याचं मन राखणं. 'तुझ्याखातर' म्हणजे तुझ्या मनासाठी. खातरी (आजच्या प्रमाणलेखनात खात्री) म्हणजे मनाचं ठिकाणावर येणं. कन्व्हिक्शनमध्ये जिंकणाऱ्याचा जोर आहे. खात्रीत, ज्याला पटलं त्याच्या मनाची अवस्था आहे.

फक्त क्रियापदं जपून वापरा. खात्री होणे, खात्री पटणे म्हणजे कन्व्हिक्शन. खात्री देणे म्हणजे हमी. पण 'खात्री करणे' म्हणजे आज आपण तपासून पाहणे असं समजतो: दार लावलं का, खात्री करून ये. त्यामुळे 'जगाची खातरी करील' हे वाक्य आजच्या वाचकाला, आत्मा येऊन जगाची पडताळणी करणार आहे, असं वाटू शकतं. मी तिथे 'जगाला खात्री पटवून देईल' असं लिहीन. आणखी एक बारकावा: कन्व्हिक्शनच्या अर्थाची खात्री मराठीत 'मी' करत नाही, 'माझी' होते. इव्हँजेलिकल शिकवणीत विश्वास ही माणसाची कमाई नसून देणगी मानतात, तेव्हा हे व्याकरण त्या शिकवणीला अगदी चपखल बसतं. हा योगायोग आहे, पण सोडवत नाही.

म्हणून शीर्षक माझ्या मते 'आमची शिकवण आणि आमची खात्री'. एकाच शब्दाचा हट्ट असेल तर 'विश्वासपत्रक', म्हणजे आपण काय मानतो ते कलमवार सांगणारं पत्रक, हेही चालेल. पण मग कन्व्हिक्शनमधली ठामपणाची छटा मजकुरात आणावी लागेल.

'श्रद्धा' का नको, हा दुसरा प्रश्न. व्युत्पत्तीनं पाहिलं तर 'श्रद्धा'च जिंकायला हवी होती. क्रीड (विश्वासाची ठरलेली कबुली) हा शब्द लॅटिन 'क्रेदो'वरून आला, आणि 'क्रेदो' आणि 'श्रद्धा' हे सख्खे चुलत भाऊबहीण आहेत. दोन्ही एकाच आदिम भारतयुरोपीय जोडशब्दातून निघाले. तरीही मराठी ख्रिस्ती लेखनात, विशेषतः प्रोटेस्टंट परंपरेत, 'विश्वास' रुजला. विश्वासात 'श्वास' आहे: वि आणि श्वस्, मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं. आपण विश्वास कुणावर तरी टाकतो, कुणाचा तरी धरतो. समोर व्यक्ती लागते. श्रद्धा वृत्ती म्हणूनही राहू शकते: 'तो मोठा श्रद्धाळू आहे' या वाक्याला पुढे कोणावर हे विचारायची गरज पडत नाही. 'केवळ विश्वासाने तारण' म्हणताना एका व्यक्तीवर भार टाकणं अभिप्रेत असतं, तिथे 'विश्वास'च नेमका बसतो. 'श्रद्धेची तत्त्वे' चुकीचं नाही, पण ते त्या घरातलं बोलणं वाटत नाही.

शीर्षक सुटलं तरी खरा घाम पुढे आहे. मूळ पुस्तिकेत पवित्र शास्त्राविषयीचं, म्हणजे बायबलाविषयीचं, कलम बहुधा पहिलंच असेल, आणि त्यात 'इनएरंट' किंवा 'इनफॅलिबल', कदाचित दोन्ही असतील. दोन्हींना 'अचूक' लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरा. मराठी 'अचूक' दोन कामं करतो. 'अचूक उत्तर' म्हणजे ज्यात चूक नाही ते. 'अचूक नेम' म्हणजे जो वाया जात नाही तो. पहिला इनएरंट, दुसरा इनफॅलिबल. आणि या दोन शब्दांमधल्या फटीवरून सेमिनऱ्या दुभंगल्या आहेत. अमेरिकेतली फुलर सेमिनरी १९४७ साली निघाली. तिच्या पहिल्या विश्वासपत्रकात शास्त्र समग्रतः आणि अंशतः चुकीपासून मुक्त आहे, असा आशय होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बदललं आणि शास्त्र हा विश्वास व आचरण यांचा एकमेव इनफॅलिबल नियम आहे, असं झालं. यावर मोठं वादळ उठलं. पुढे १९७८ साली शिकागोत जमलेल्या इव्हँजेलिकल विद्वानांनी इनएरन्सीची बाजू कलमवार मांडणारं निवेदन काढलं. मराठीत दोन्हीकडे 'अचूक' घातलं, की भांडण कशाचं होतं तेच कळत नाही.

मग काय लिहायचं? 'एरर' ज्या लॅटिन धातूतून आला त्याचा अर्थ भटकणे, वाट चुकणे. आपला 'भ्रम'ही तसाच: भ्रमण आणि भ्रम एकाच धातूचे. म्हणून 'अभ्रांत' हा जुना शब्द इनएरंटला तंतोतंत बसतो. पण तो आज कोण वाचणार? 'चुकीपासून मुक्त' किंवा 'प्रमादरहित' लिहा. इनफॅलिबलसाठी 'अमोघ': जो बाण सुटला की फुकट जात नाही तो. शास्त्र आपलं काम करण्यात कधीच उणं पडत नाही, हा अर्थ त्यात येतो.

त्याच कलमात 'ऑटोग्राफ' आला तर सावध राहा. ही स्वाक्षरी नव्हे. शास्त्र चुकीपासून मुक्त म्हणजे कोणती प्रत, या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर आहे: लेखकाच्या हातून प्रथम उतरलेली मूळ प्रत, नंतरच्या नकला नव्हेत. 'मूळ हस्तलिखिते' पुरे.

'अटोनमेंट'ला, म्हणजे ख्रिस्तानं मरून केलेल्या पापांच्या भरपाईला, मराठी बायबल 'प्रायश्चित्त' म्हणतं आणि मला ते धाडसाचं वाटतं. एरवीच्या मराठीत प्रायश्चित्त पापी माणूस स्वतः घेतो, करतो, भोगतो. दुसऱ्यानं माझ्या वतीनं प्रायश्चित्त घेणं आपल्या कानाला विचित्र लागतं. आणि योहानाच्या पहिल्या पत्रात तर ख्रिस्तानं प्रायश्चित्त 'घेतलं' असंही नाही. तोच प्रायश्चित्त 'आहे', असं वाक्य आहे. क्रियापद बदललं आणि त्याबरोबर सगळा हिशेब बदलला. इव्हँजेलिकल विश्वासपत्रकातला 'ख्रिस्त आमच्या जागी मेला' हा मुद्दा या एका 'आहे'त सापडतो. तेव्हा तिथे भाषा 'सुधारू' नका. 'त्याने आमच्या पापांचे प्रायश्चित्त घेतले' असं गुळगुळीत करायचा मोह मला स्वतःला झाला आहे.

'तारण' हा आणखी एक मजेचा शब्द. कर्ज काढताना गहाण ठेवायचं तेही तारण आणि जिवाचा उद्धार तेही तारण. संदर्भानं गोंधळ होत नाही, पण 'तारणाची हमी' असं शीर्षक एकटं सोडू नका. बँकेचं पत्रक वाटेल.

बाकीचं भराभर. ट्रिनिटीला (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) 'त्रैक्य', 'त्रिमूर्ती' कदापि नाही. त्रैक्यात एकपणावर भर आहे, त्रिमूर्तीत तीन रूपांवर. 'बॉर्न अगेन'ला 'पुनर्जन्म' लिहिलंत तर वेगळ्याच दर्शनाचं दार उघडेल. 'नव्याने जन्मलेला' लिहा. रेझरेक्शन 'पुनरुत्थान', आणि 'शारीरिक' हे विशेषण मुळात असेल तर गाळू नका. ते मुद्दाम घातलेलं असतं. 'इव्हँजेलिकल'चं 'सुवार्तिक' करू नका, कारण मराठी बायबलात सुवार्तिक म्हणजे सुवार्ता सांगत हिंडणारा सेवक. 'सुवार्तावादी' ऐकलं की पक्ष वाटतो. इव्हँजेलिकल तसाच ठेवा. सेमिनरीही तशीच. तिचं मूळ 'बी' आहे, म्हणजे रोपवाटिका, हे मनात ठेवून पुढे चला.

शेवटची अडचण बहुधा शेवटच्या पानावर येईल, सहीच्या जागी. १९२४ साली सुरू झालेल्या डॅलस थिऑलॉजिकल सेमिनरीत प्राध्यापक आणि विश्वस्त दरवर्षी संपूर्ण विश्वासपत्रकाशी आपली सहमती पुन्हा नोंदवतात. विद्यार्थ्यांना त्यातले सात गाभ्याचे मुद्दे मान्य असले तरी चालतं. तुमच्या पुस्तिकेतही अशा दोन पायऱ्या असतील तर क्रियापदं वेगळी ठेवा. विद्यार्थ्यासाठी 'मला मान्य आहे' ठीक. पण शिकवणाऱ्याच्या सहीवर तेच घातलं तर ते 'अटी मान्य'सारखं ऐकू येतं. तिथे 'मी हे मानतो आणि हेच शिकवीन' लिहा. स्त्री प्राध्यापकांसाठी 'मानते' हा पर्यायही छापायला विसरू नका.