शोभेचं गवत मधूनच वाळतंय, पाती आडवी पडतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात अंगणाच्या कडेला लाल फाउंटन ग्रास लावून दोन वर्षं झाली, रोज पाणी आणि दर महिन्याला खत देता, तरी ठोंब मधून वाळलाय. माझ्याकडेही अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मधला भाग वाळणं हा रोग नाही. असं गवत दरवर्षी बाहेरच्या बाजूने फुटतं, मधले फुटवे जुने होऊन मरतात. पाती लोळतात ती मात्र लाडामुळे. नत्र जास्त झालं की पाती लांब आणि मऊ वाढतात, पहिल्याच वाऱ्यात झोपतात. मी खत पूर्ण थांबवलं. आता पावसाच्या तोंडावर ठोंबामागे ओंजळभर जुनं शेणखत, बस. पाणी उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, तेही माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच. ऊन मात्र सहा तास तरी हवंच, सावलीत तुऱ्यांना रंग चढत नाही.

आता ठोंबाचं. मेअखेर, मृगाच्या आधी, ठोंब सुतळीने कमरेत घट्ट बांधा आणि जमिनीपासून वीतभर ठेवून विळ्याने कापा. बांधल्यामुळे कचरा पसरत नाही, पेंढी अख्खी उचलता येते. हातमोजे घाला, पातीची धार हात कापते. थंडीत कापू नका, तेव्हा वाढ मंद असते आणि खुंट महिनोन्महिने बोडका दिसतो. दोन पाऊस झाले की ठोंब पहारीने उकरा, मधलं वाळलेलं काढून टाका आणि कडेचे चार-पाच फुटव्यांचे मुळांसकट तुकडे दोन-दोन फुटांवर लावा. फुटव्यांचा बुडखा मातीत गाडू नका, कुजतो. माझे पहिले तीन ठोंब असेच गेले.

रोपवाटिकेत हिरवं फाउंटन ग्रास दिसलं तर कृपया घेऊ नका. त्याचं बी वाऱ्याने लांब जातं. हवाई बेटांवर ते रानभर पसरलंय आणि वाळलं की वणव्याला खाद्य होतं. आपल्या टेकड्यांवर कुसळीसारखी स्थानिक गवतं आहेत, त्यांच्यात हे शिरायला नको. लाल जातीला रुजणारं बी सहसा धरत नाही, ती ठेवा.

आणि कडेला उतार असेल तर तिथे वाळा लावून पाहा. मुळं आडवी न पसरता सरळ खाली, तीन मीटरपर्यंत जातात, माती धरून ठेवतात. माझ्या उतारावर पावसाळ्यात आता माती वाहत नाही.