घागर फुंकताना अंगात येतं, ते नाटक की आजार?

अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकताना तुमच्या काकूंच्या अंगात येतं, ते नाटक आहे की मानसिक आजार, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा दोन्ही नसतं.

हा कुळाचार आमच्याकडेही आहे. उदाच्या धुरावर धरलेली घागर तोंडाशी नेऊन बायका फुंकत नाचतात. असं जोरजोरात फुंकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. त्यात उपास आणि जागरण.

पण घागर सगळ्याच फुंकतात आणि अंगात एखादीच्याच येतं. काही माणसं गाण्यात, आठवणीत सहज हरवतात. टेलेगन आणि अ‍ॅटकिन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली ही तन्मयता मोजायची प्रश्नावली केली, आणि अशी माणसं संमोहनालाही लवकर प्रतिसाद देतात असं त्यांना दिसलं. 'हे मी करतेय' ही जाणीव बाजूला पडते, बोलणं-घुमणं आपसूक होतंय असं वाटतं. कसं घुमायचं, लोक काय विचारतात, हे तर लहानपणापासून पाहिलेलं असतं. मुद्दाम केलेलं सोंग हे नव्हे.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. आमच्या एक चुलत आजी एरवी कुणापुढे शब्द काढत नसत. अंगात आलं की थोरल्या दिरांना अरे-तुरे करून विचारायच्या, "माझी ओटी का चुकवलीस?" आणि ते मुकाट्याने पाया पडायचे. आयोन लुईस या मानववंशशास्त्रज्ञाने सोमालियातल्या बायकांबद्दल जवळपास हेच लिहिलंय. जिला एरवी बोलायची सोय नाही, तिचं म्हणणं अंगात आल्यावर घराला ऐकावं लागतं. म्हणून काकू तेव्हा काय बोलतात, ते नीट ऐका.

मग देवी खरंच येते का? मानसशास्त्र इथे निवाडा देऊ शकत नाही. अनुभव कसा घडतो हे कळलं म्हणून तो खरा की खोटा हे ठरत नाही, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1901-02 च्या एडिंबरोच्या व्याख्यानांत बजावलं होतं आणि मला ते पटतं. मात्र अंगात आल्याचं सांगून कुणी लोकांना भीती घालत असेल, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे.

आजाराचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही रूढ धार्मिक विधीत येणारी अशी अवस्था आजारात धरत नाहीत. ती विधीबाहेर, इच्छेविरुद्ध, वारंवार येऊ लागली आणि त्रास व्हायला लागला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. जीभ चावली जाणं, कपड्यांत लघवी होणं, नंतर बराच वेळ गुंगी असं काही असेल, तर फिट नाही ना हे मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासून घ्या.

काकूंना दुसऱ्या दिवशी निवांतपणे, बाकी कुणी नसताना विचारा, "पुन्हा अंगात यावंसं वाटतं का?" 'नको वाटतं' म्हणाल्या, तर पुढच्या अष्टमीला त्यांच्या हातात घागर देऊ नका.